शाळेचे लोकनियुक्त विश्वस्त
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात अध्यापनाच्या पद्धतींविषयी पुष्कळ उपयुक्त विचार मांडले गेले. मी मात्र आपले लक्ष वर्गाच्या भिंतीबाहेरील एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. गावकऱ्यांनी निवडून दिलेली काही माणसे शाळेच्या कारभारात सहभागी असतात. त्यांचा अधिकार कोणता, त्यांचे कर्तव्य कोणते, आणि शिक्षकाने त्यांच्याशी कोणत्या नात्याने वागावे, हा माझा आजचा विषय आहे.

या सभासदांविषयी शिक्षकवर्गात दोन प्रकारची मते ऐकू येतात. काहींना समिती म्हणजे गळ्यात अडकविलेले लोढणे वाटते. गावातील तंटे शाळेच्या अंगणात आणण्याचे ते एक साधन आहे, अशी त्यांची समजूत असते. दुसऱ्यांना समिती हा केवळ कागदोपत्री विषय वाटतो. इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या की काम झाले, असे ते मानतात. पहिल्या मतात भीती आहे आणि दुसऱ्यात उदासीनता आहे. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. समिती नावापुरती उरते आणि शाळेचा भार एकट्या शिक्षकाच्या खांद्यावर येऊन पडतो.

शाळेच्या सभासदास मी मुद्दाम 'विश्वस्त' हा शब्द योजीत आहे. या शब्दाचा अर्थ आपल्या खेड्यातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर एखाद्या लहान मुलाचे नाव असते आणि त्यापुढे 'अ. पा. क.' अशी अक्षरे असतात. अज्ञान पालनकर्ता, असा त्याचा अर्थ. जमीन मुलाची असते. मूल सज्ञान होईपर्यंत तिची राखण दुसऱ्याने करावयाची असते. बांध कोरला जाऊ नये, पीक वाया जाऊ नये, हे त्याने पाहावयाचे असते. जमीन स्वतःच्या नावावर करून घ्यावयाची नसते. शाळा ही गावातील सर्व मुलांची अशीच सामाईक जमीन आहे. मुलांना मत नाही, सभेत बोलण्याचा अधिकार नाही, अर्ज लिहिण्याचे वय नाही. म्हणून त्यांच्या वतीने मोठ्यांनी ती राखावयाची. सभासदाला निवडून देतात पालक. परंतु तो बांधलेला असतो मुलांशी. जो पालक सभेस आला नाही, ज्याने दुसऱ्याच उमेदवाराचे नाव सुचविले, जो आज मजुरीसाठी परगावी आहे, त्याच्या मुलाचाही तो तितकाच विश्वस्त आहे. ही एक गोष्ट मनात पक्की धरली, तर पुढील पुष्कळ प्रश्न सोपे होतात.

शाळेच्या कारभारात गावाचा हात असावा, ही कल्पना आपल्याकडे आयती आलेली नाही. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून शेतकऱ्याकडून घेतला जात असे. १८६९ च्या कायद्याने या करास कायदेशीर स्वरूप मिळाले आणि त्याचा एक तृतीयांश हिस्सा शिक्षणाकडे जात असे. म्हणजे गावच्या शाळेसाठी पैसा देण्याची सक्ती शेतकऱ्यावर आधी झाली. त्या पैशाविषयी बोलण्याचा हक्क त्याला फार उशिरा मिळाला. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्यात नेमके याच अन्यायावर बोट ठेवले होते. सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमातून येते, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले, आणि निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याच वर्षी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव प्रसिद्ध झाला आणि लोकल बोर्डांच्या वाढीस वाट मिळाली.

पुढे १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला व जिल्ह्याजिल्ह्यांत स्कूल बोर्डे स्थापन झाली. लोकांचा अधिकार वाढला ही गोष्ट मोठी होती. परंतु त्याबरोबरच शिक्षकांच्या नेमणुकांत आणि बदल्यांत स्थानिक पक्षोपपक्षांचा शिरकाव होतो, अशा तक्रारीही वाढल्या. अखेरीस १९३८ च्या दुरुस्तीने स्कूल बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर ठरविण्यात आला आणि तपासणीचे काम पुन्हा सरकारकडे गेले. १९४७ च्या कायद्याने या सर्व व्यवस्थेची फेरमांडणी केली. या इतिहासातून एक धडा घेण्यासारखा आहे. लोकनियुक्त सभासदाने शिक्षकाच्या नोकरीवर हात ठेवला, की त्याचे लक्ष मुलावरून उडते आणि शिक्षकाचेही उडते. दोघेही एकमेकांकडे पाहत राहतात, आणि ज्याच्यासाठी हे सारे उभारले ते मूल मागे पडते.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींस अनुसरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे सोपविण्यात आले व परिषदेच्या शिक्षण समितीत लोकांनी निवडून दिलेले सभासद बसू लागले. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना संविधानाचा आधार मिळाला आणि अकराव्या अनुसूचीतील विषयांत प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा समावेश झाला. परंतु जिल्हा कितीही आपला असला, तरी एखाद्या वाडीवरील शाळेच्या गळक्या छपरापासून जिल्ह्याचे ठिकाण दूरच असते. म्हणून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, तेव्हा त्याने आणखी एक पाऊल टाकले. शासनाच्या, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित अशा प्रत्येक शाळेस शाळा व्यवस्थापन समिती असावी, असे त्याच्या एकविसाव्या कलमाने सांगितले.

या समितीची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. तिच्यात स्थानिक संस्थेचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात, शिक्षक असतात आणि पालक असतात. परंतु किमान तीन चतुर्थांश सभासद पालकच असले पाहिजेत. एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे, आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो हे पाहणे, ही समितीची मुख्य कामे होत. बाविसावे कलम तर असे सांगते की, हा आराखडाच पुढील नियोजनाचा व अनुदानाचा आधार ठरावा. वाडीवरील एका मजूर आईने सभेत सांगितलेली अडचण आराखड्यात लिहिली गेली, तर तिला कायद्याचा आधार मिळतो. एक आणा देऊन गप्प बसणाऱ्या शेतकऱ्यापासून येथवरचा हा प्रवास लहान नाही.

हाच प्रश्न इतर देशांनीही सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांपैकी एकाचे उदाहरण आपल्या उपयोगी पडेल. आजच्या कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, तेव्हाच्या अप्पर कॅनडात, १८१६ साली एक कायदा झाला. वस्तीतील लोकांनी शाळेपुरती मुले व जागा जमवावी आणि आपल्यातून तीन विश्वस्त निवडावे. त्या विश्वस्तांनी शिक्षक नेमावा, अशी ती व्यवस्था होती. तेथे सभासदास आजही 'ट्रस्टी' म्हणजे विश्वस्तच म्हणतात. कालांतराने लहान मंडळे एकत्र करण्यात आली. १९९७ च्या कायद्याने तेथील शाळामंडळांची संख्या १२९ वरून ७२ वर आणली गेली. कारभाराची सोय झाली असेल. परंतु मंडळ जितके मोठे, तितका विश्वस्त एकेका शाळेपासून दूर, हे उघड आहे. आपला प्रवास याच्या उलट दिशेने, जिल्ह्याकडून शाळेकडे झाला. याचे महत्त्व आपण ओळखले पाहिजे.

त्यांच्याकडून एक नियम मात्र अवश्य घेण्यासारखा आहे. तेथे एकट्या विश्वस्ताला स्वतःचा असा काही हुकूम सोडता येत नाही. अधिकार असतो तो सभेत बसलेल्या मंडळाला. आणि ठराव झाला, की त्याची अंमलबजावणी नेमलेले अधिकारी करतात. आपल्याकडेही हेच तत्त्व पाळले गेले पाहिजे. समितीचा सभासद शाळेत येतो तेव्हा तो पालक म्हणून आदरास पात्र आहे. परंतु वर्गाच्या दारात उभे राहून शिक्षकास मुलांसमोर बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. त्याचे म्हणणे त्याने सभेत मांडावे. सभेने विचार करावा. ठराव झाल्यास तो लिहिला जावा. अशा वेळी शिक्षकाने वाद न घालता शांतपणे म्हणावे, "दादा, आपण म्हणता त्याचा विचार व्हायलाच हवा. येत्या सभेत हा विषय घेऊ." एवढ्याने पुष्कळ कटुता टळते.

आता कामांच्या सीमा सांगतो. शिक्षकाची नेमणूक, पगार व बदली या गोष्टी गावच्या समितीकडे नाहीत, आणि १९२३ नंतरचा अनुभव पाहता ते हिताचेच आहे. एखादा पाठ कसा शिकवावा, अक्षरओळख शब्दांपासून करावी की अक्षरांपासून, हा शिक्षकाच्या विद्येचा प्रांत आहे. परंतु मूल तिसरीत गेले तरी त्याला सोपा उतारा वाचता येत नाही, हे विचारण्याचा अधिकार समितीस निश्चित आहे. शाळा वेळेवर उघडते की नाही, पोषण आहार मुलांच्या ताटात नीट पडतो की नाही, मुलींच्या स्वच्छतागृहास पाणी आहे की नाही, आलेले अनुदान कशावर खर्च झाले, हे सर्व विचारणे तिचे कर्तव्यच आहे. थोडक्यात सांगावयाचे तर, 'काय झाले' हे समितीने विचारावे आणि 'कसे करावे' हे शिक्षकाने ठरवावे. या प्रश्नांचा आपल्याला राग येण्याचे कारण नाही. नियमितपणा, अभ्यासक्रमाची पूर्तता, प्रत्येक मुलाच्या प्रगतीची पाहणी आणि पालकांशी नियमित भेटी ही शिक्षकाची कर्तव्ये त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात लिहिलेली आहेत.

बंधुभगिनींनो, समिती खरी असावी की कागदावरची, हे बव्हंशी मुख्याध्यापकावर अवलंबून असते. कारण समितीचा सचिव तोच असतो. अध्यक्ष पालकांतून होतो, परंतु सभा बोलावणे, विषय लिहिणे आणि इतिवृत्त ठेवणे ही कामे सचिवाची. म्हणून काही व्यवहारातील गोष्टी नम्रपणे सुचवितो.

सभेची वेळ मजुरी करणाऱ्यांच्या सोयीची असावी. भर दुपारी अकरा वाजता सभा बोलावून "पालक येत नाहीत" असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी आठवड्याचा बाजार असतो तो दिवसही टाळावा. दिवेलागणीच्या आधी, माणसे शेतातून परतल्यावर, तासभराची सभा पुरेशी होते. पालकसभेत समिती निवडताना प्रत्येक वस्तीचा माणूस आला की नाही हे पाहावे. गावठाणातील चार घरांतच सर्व जागा भरल्या, तर ती निवडणूक नियमात बसेल, पण न्यायात बसणार नाही.

स्त्री सभासदांविषयी विशेष सांगावेसे वाटते. बाई निवडून यायच्या आणि खुर्चीवर त्यांचे यजमान बसायचे, ही रीत शाळेने तरी चालू देऊ नये. ज्या मातेचे नाव यादीत आहे तिनेच यावे, तिलाच बोलते करावे. आरंभी ती संकोचेल. तिला अनुदानाचा हिशेब विचारू नका. मुलगी शाळेतून घरी आल्यावर आधी काय मागते, एवढेच विचारा. ती पाणी मागत असेल तर शाळेतील पाण्याची स्थिती सभेस कळते. जेवण मागत असेल तर आहाराची. मातेच्या उत्तरात तपासणीचा अर्धा अहवाल असतो.

मागील सभेचे इतिवृत्त प्रत्येक वेळी मोठ्याने वाचून दाखवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी केवळ विश्वासाने अंगठा उमटवू नये, ऐकून उमटवावा. अनुदानाची रक्कम, तारीख आणि खर्च हे शाळेच्या फलकावर लिहून ठेवावे. आपला हिशेब चोख असेल तर फलकासारखा दुसरा साक्षीदार नाही. कोणी कोठे कुजबुज केली, तरी फलक उत्तर देतो. आणि प्रत्येक सभेत इमारत व पैसा यांच्या आधी एक विषय मुलांच्या शिकण्याचा असावा. एखाद्या मुलाने चार ओळी वाचून दाखवाव्या, दुसऱ्याने एक हिशेब करून दाखवावा. ज्या गोष्टीसाठी सभा भरली आहे ती गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर राहील.

गावात गट असतात, भावकीचे वाद असतात, निवडणुकांचे दिवस असतात. ते शाळेच्या फाटकापाशी थांबतील असे मी म्हणत नाही. परंतु शिक्षक कोणत्याही गटाचा नाही, हे गावास दिसले पाहिजे. सभेआधी एका गटाशी मसलत करून ठराव पदरात पाडून घेणारा शिक्षक त्या दिवशी जिंकतो आणि पुढील पाच वर्षे हरतो. ठराव दोन सभांनी लांबला तरी चालेल, पण तो उघड चर्चेतून व्हावा.

आता आपण विचाराल, हा एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर तीन उदाहरणांनी देतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचे तांडे साखर कारखान्यांकडे निघतात आणि मुलेही बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये बसतात. ती मुले गावी राहावी म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली आणि ती शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चालविली गेली. कोणते घर कोणत्या दिवशी कोयता घेऊन निघणार, कोणती आजी नातवाला ठेवून घेईल, हे जिल्ह्याच्या कचेरीस कसे कळणार? ते समितीला कळते. जेथे समिती जागी असते तेथे ते मूल हजेरीपटावर राहते. जेथे समिती वहीतच असते तेथे ते फडावर जाते.

दुसरे उदाहरण लोकशाहीच्याच खंडाचे आहे. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि दीर्घकाळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात परिषदेच्या शिक्षण समितीत लोकांचा आवाज उरला नाही. परंतु गावच्या शाळेत पालकांनी निवडलेली समिती होती. वरचा दिवा विझला, तरी खालची पणती तेवत राहू शकते, हे आपण त्या काळात पाहिले. अर्थात पणतीत तेल होते तेथेच.

तिसरे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या काळजाला भिडणारे आहे. कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभाराव्या, असा विचार २०२३ साली शासनस्तरावर पुढे आला. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलले गेले. मोठ्या शाळेत अधिक सोयी मिळतात हे खरे, आणि सात वर्षांच्या मुलीला रोज दूरवर जावे लागले तर ती घरी बसण्याचा धोका असतो, हेही खरे. या दोहोंतील निवड तक्त्यावरच्या आकड्यांनी करता येत नाही. श्रावणात मधला ओढा किती दिवस उतरता येत नाही, वाटेत वस्ती आहे की नुसते रान, कोणत्या मुलीला कोण सोबत देणार, हे लिहून देणारे कोणी तरी हवे. ते लिहिण्याचा अधिकार आणि जबाबदारी समितीची आहे. वर्षानुवर्षे सभा भरविणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या समितीचा ठराव अधिकाऱ्यासही बाजूस सारता येणे कठीण जाते. आयत्या वेळी सह्या गोळा करून पाठविलेल्या कागदास ते वजन येत नाही.

यावरून ध्यानात येईल की, समिती ही शिक्षकावर बसविलेली चौकी नसून त्याच्या पाठीशी उभा राहणारा गाव आहे. एकटा शिक्षक खोलीची मागणी करतो तेव्हा तो एका कर्मचाऱ्याचा अर्ज असतो. तीच मागणी पालकांच्या ठरावाने जाते तेव्हा ती गावाची मागणी होते. शिक्षकावर खोटा आळ आला, तर त्याच्या कामाची साक्ष देणारी माणसेही तीच असतात. आपण बदलून दुसऱ्या गावी जाल. शाळा तेथेच राहील. जाताना समिती जागी ठेवून गेलात, तर आपण लावलेले झाड पाणी घालणाऱ्या हाती सोपविले असे होईल.

आपणांस एकच विनंती आहे. येत्या महिन्याची सभा आपण खरी भरवा. सर्व वस्त्यांत निरोप द्या, मातांना बोलते करा, हिशेब वाचा, एका मुलाला वाचावयास उभे करा. त्या मुलाकडे बोट दाखवून सभासदांस सांगा की, आपण सारे याचे अज्ञान पालनकर्ते आहोत. हा सज्ञान होईल तेव्हा आपल्याकडे हिशेब मागेल, आणि तो आपल्याला द्यावा लागेल.